वगळलेली अकरा घरं

हरिदास अंभोरे दिल्लीत आला तो चौऱ्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत. तोवर तो कारंज्याच्या एका स्टुडिओत लग्नाच्या जोड्यांचे आणि परीक्षेच्या अर्जांना लागणारे फोटो काढायचा. केंद्र सरकारच्या एका खात्यात छायाचित्रकाराची जागा निघाली, त्याने अर्ज टाकला, आणि बाविसाव्या वर्षी तो सरकारी नोकर झाला. काम रुक्ष होतं. उद्घाटनं, सत्कार, अपघातात चेपलेल्या खात्याच्या जीपगाड्या, गळकी छतं. फाइलीला लावायला जेवढे फोटो लागत तेवढे तो काढायचा आणि साडेपाचला कॅमेरा कपाटात ठेवून घरी जायचा.

अठ्ठ्याऐंशी साली त्याला हिरनकोटला पाठवलं. दिल्लीच्या दक्षिणेला, फरिदाबादच्या वाटेवर, अरवलीच्या टेकड्यांवर हे एक पडकं ठाणं आहे. एक बुरूज, थोडी तटबंदी, बिनछताची एक सराई आणि कोरडी पडलेली बावडी, म्हणजे पायऱ्यांची विहीर. तटाची भिंत ढासळली होती, तिचा फोटो हवा होता. तो काढून झाल्यावर हरिदास उगाच बुरुजावर चढला. दसरा नुकताच झाला होता, हवा धुऊन काढल्यासारखी होती. उत्तरेला दिल्लीतले घुमट मोजता येत होते, पूर्वेला यमुनेची चकाकती रेघ दिसत होती, दक्षिणेला टेकड्यांमागून टेकड्या गेल्या होत्या आणि पश्चिमेला तांबड्या दगडाच्या खाणी उघड्या पडल्या होत्या. तो बुरुजावर गोल फिरत राहिला. हे सगळं एका फोटोत मावणार नव्हतं, आणि एखादाच तुकडा उचलून घरी न्यावा असंही त्याला वाटेना.

पुढच्या रविवारी तो स्वतःचा कॅमेरा घेऊन परत आला. मधल्या आठवड्यात त्याने करोल बागेतल्या एका लेथवाल्याकडून पितळेची चकती कातून आणली होती. तिच्या कडेला अठरा-अठरा अंशांवर वीस खाचा होत्या. चकती ट्रायपॉडवर बसवायची, कॅमेरा उभा लावायचा, एक फोटो काढायचा, एक खाच पुढे सरकायचं, दुसरा काढायचा. वीस फोटोंत पूर्ण फेरा व्हायचा. मग ते धुऊन, छापून, कडेला कडा जुळवून पुठ्ठ्यावर चिकटवायचे. आठ फूट लांब चित्र तयार व्हायचं. त्यात जिथून सुरुवात झाली तिथेच माणूस परत यायचा.

रामकृष्णपुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये जेवणाचं टेबल भिंतीला सरकवून तो जमिनीवर बसायचा. धारदार ब्लेड, पोलादी पट्टी, डिंकाची बाटली. पार्वती, त्याची बायको, पुठ्ठ्याचं दुसरं टोक धरून बसायची. तिला त्यातलं काही कळत नसे असं नाही. कुठे आभाळाची छटा जुळत नाहीये हे त्याच्याआधी तिला दिसायचं.

त्या दिवसापासून दर वर्षी दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी हरिदास हिरनकोटच्या बुरुजावर असायचा. त्याच जागी, त्याच उंचीवर, सकाळी आठ वाजता. एक वर्ष तापात गेला, एक वर्ष आईचं दिवसकार्य उरकून कारंज्याहून परस्पर स्टेशनवरून गेला. पस्तीस वर्षांत एक रविवार चुकला नाही. त्याच्या चित्रांत दिल्ली हळूहळू दक्षिणेकडे सरकत आली. घुमटांच्या मध्ये उंच इमारती उगवल्या, मग घुमटच दिसेनासे झाले, मग धुराने क्षितिजच पुसून टाकलं. बढतीच्या यादीत त्याचं नाव कधी वर गेलं नाही. खात्यात त्याला कुणी फारसं ओळखतही नव्हतं. पण ही चित्रं आपण केली आहेत, आणि अशी दुसऱ्या कुणाकडे नाहीत, या एका गोष्टीवर त्याने आयुष्य काढलं.

बुरुजाच्या पायथ्याशी भानुमती राहायची. टीकमगढकडून ती आणि तिचा नवरा सत्त्याऐंशी साली खाणीत दगड फोडायला आले होते. दहा-अकरा कुटुंबं होती, सगळी खाणीवरची. दगडावर दगड रचून त्यांनी घरं बांधली होती, वर ताडपत्री आणि पत्रे. हरिदास पहिल्यांदा ट्रायपॉड खांद्यावर घेऊन चढत होता तेव्हा तिने त्याला पाणी दिलं होतं. पुढे पाण्याचा चहा झाला. दर वर्षी उतरताना तो तिच्या दारात बाजेवर बसून चहा प्यायचा आणि ती विचारायची की या साली काय नवीन दिसलं वरून. नवव्या-दहाव्या वर्षी तिचा नवरा छातीत धूळ बसून गेला. खाणी बंद झाल्या. ती आसपासच्या बंगल्यांमध्ये धुणीभांडी करू लागली, मुलगा मोठा झाला, ताडपत्रीच्या जागी विटा आणि पक्कं छत आलं, दहा घरांची वस्ती दोनशे घरांची झाली. ती हरिदासला फोटूवाले बाबूजी म्हणायची. एवढ्या वर्षांत तिने त्याच्याकडे एकदाच काही मागितलं होतं. नवरा जिवंत असताना, नव्वद साली. आम्हा दोघांचा एक फोटो काढा, म्हणाली होती. त्या वेळी रोल मोजून आणलेला असायचा. पुढच्या वेळी काढू, असं तो म्हणाला होता आणि विसरला होता.

हरिदास निवृत्त झाला आणि दोघं द्वारकेच्या एका सोसायटीत राहायला गेली. पुढच्याच वर्षी त्याला खात्यातून फोन आला. हेरंब नावाचा नवा अधिकारी आला होता, साताऱ्याकडचा, करोल बागेतल्या खोलीत चार वर्षं परीक्षांचा अभ्यास करून वर आलेला. त्याने कुणाच्या तरी केबिनमध्ये हरिदासचं एक चित्र भिंतीवर पाहिलं होतं.

तो स्वतः द्वारकेला घरी आला. पलंगाखालचे पुठ्ठे एकेक करून बाहेर काढले गेले. हेरंब बूट काढून जमिनीवर बसला आणि गुडघ्यांवर सरकत सरकत त्याने प्रत्येक चित्र टोकापासून टोकापर्यंत पाहिलं. सर, हे अमेझिंग आहे, यार, म्हणजे बिलीव्हच होत नाही, असं काहीबाही तो बोलत होता. पार्वतीने केलेले पोहे त्याने दोनदा मागून घेतले. आपण याचं प्रदर्शन करू, असं म्हणाला. एका जागेवरून पस्तीस वर्षं. सगळ्या चित्रांची उत्तम प्रत काढून खात्याच्या दप्तरात ठेवू.

प्रदर्शन झालं. मंडी हाउसजवळच्या एका गॅलरीत आठ दिवस चाललं. हरिदासला शाल मिळाली. वर्तमानपत्रात चौकोनी बातमी आली. आणि त्याच आठवड्यात हेरंबने एक कागद सहीसाठी पाठवला. चित्रांची यादी, तारखा, आणि खाली दोन ओळी: ही छायाचित्रे मी स्वतः नमूद केलेल्या दिवशी, एकाच ठिकाणावरून घेतली असून त्यांत कोणताही फेरफार केलेला नाही. फॉर्मॅलिटी आहे, असं हेरंब फोनवर म्हणाला.

पेन हातात घेतल्यावर हरिदास थोडा थांबला होता. किती, ते त्याला नंतर सांगता येईना. एखादा श्वास असेल. मग त्याने सही केली.

पुढच्या वर्षी दसऱ्यानंतरच्या रविवारी तो नेहमीसारखा हिरनकोटला गेला. मेट्रो, मग रिक्षा, मग शेवटची चढण पायी. वस्तीत शिरताना त्याला जाणवलं की नेहमीचे लोक आज नजर देत नाहीत. चहाच्या टपरीवाल्याने तोंड फिरवलं. भानुमती दारातच बसली होती. आता सत्तरीला आलेली, दम्याने वाकलेली. तिने त्याला बसा म्हटलं नाही. आत जाऊन एक कागद आणला आणि त्याच्या हातात दिला.

वस्ती पाडण्याची नोटीस होती. हिरनकोटच्या आसपासची जमीन ब्याण्णव साली संरक्षित जाहीर झाली, त्याआधीपासून राहणाऱ्यांनाच पर्यायी घर मिळेल, आणि उपलब्ध पुराव्यानुसार त्याआधी इथे कोणतीही वस्ती नव्हती, असं त्यात लिहिलं होतं. मागे पुरावा जोडला होता. ऑक्टोबर एक्क्याण्णवचं लांब चित्र, लहान करून छापलेलं. बुरूज, तट, सराई, उघडी टेकडी. कोपऱ्यात त्याची बारीक सही.

"बाबूजी, ये आपका ही है ना?" भानुमतीने विचारलं.

तो हो म्हणाला.

"तो इसमें मेरा घर कहाँ है?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. सदतीस वर्षं ती त्याच जागी राहत होती, त्या माणसाने त्या सकाळी तिच्या दारात चहा प्यायला होता, आणि त्याच सकाळच्या फोटोत तिच्या जागी नुसतं गवत होतं. नातसुनेने म्हणे भिंग लावून बघितलं होतं.

हरिदासने नोटीस घडी करून खिशात घातली. तब्येत बरी नाही असं काहीतरी पुटपुटून तो वळला. त्या वर्षी तो बुरुजावर चढलाच नाही.

घरी आल्यावर त्याने पार्वतीसमोर नोटीस ठेवली. तिने चष्मा लावून ती वाचली आणि चित्र बघितलं.

"अहो, मी तेव्हा विचारलं होतं तुम्हाला," ती म्हणाली. "एक बाई भाकऱ्या थापतेय इथे, तिला कुठे टाकलीत, म्हणून."

त्याला आठवत होतं. सहीच्या वेळीही आठवलं होतं. एक्क्याण्णवच्या त्या संध्याकाळी क्वार्टरमधल्या जमिनीवर आठवा आणि नववा फोटो त्याच्या हातात होता. दोन्हींच्या कडेला ती घरं आली होती. ताडपत्र्या, दोरीवरचे कपडे, चुलीचा धूर, चुलीपाशी बसलेली बाई. शेकडो वर्षांच्या दगडाशेजारी ते त्याच्या डोळ्याला खुपत होतं. त्याने आठव्या फोटोची कड घरांच्या अलीकडे कापली, नवव्याची पलीकडे, आणि खडकाला खडक, गवताला गवत लावून मधला पट्टा काढून टाकला. जोड इतका बेमालूम झाला होता की त्याचं त्यालाच कौतुक वाटलं होतं. चित्र स्वच्छ हवं, असं तो पार्वतीला म्हणाला होता. पहिल्या चारही वर्षांची चित्रं त्याने अशीच साफ केली. पुढे घरं इतकी वाढली की काढून टाकणं जमेना, म्हणून ब्याण्णवपासून त्याने ती राहू दिली. आता ती सगळी चित्रं ओळीने लावली की दिसायचं ते असं, की एक्क्याण्णवपर्यंत टेकडी रिकामी होती आणि नंतर एकाएकी तिच्यावर वस्ती उगवली.

नेगेटिव्ह असतील, असं पार्वती म्हणाली. नेगेटिव्हमध्ये तर सगळं असेलच ना.

नेगेटिव्ह होत्या. माळ्यावर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, सालवार. द्वारकेच्या त्या फ्लॅटच्या माळ्यामागून वरच्या मजल्याचा पाइप गेला होता आणि मागच्या पावसाळ्यात तो झिरपत होता. डबा उघडला तेव्हा व्हिनेगरसारखा आंबट वास आला. पट्ट्या एकमेकींना चिकटून त्यांची वडी झाली होती. करोल बागेत एक म्हातारे सरदारजी अजून फिल्मचं काम करायचे. हरिदास तो डबा मांडीवर धरून मेट्रोने त्यांच्याकडे गेला. सरदारजींनी आठ दिवस त्या पट्ट्या पाण्यात ठेवून, ब्रशाने, चिमट्याने एकेक सोडवायचा प्रयत्न केला. अठ्ठ्याऐंशी, एकोणनव्वद गेल्या. नव्वदची फिल्म सुटली, पण तिच्यावरचा थर दुसऱ्या पट्टीला गेला. एक्क्याण्णवचा फक्त आठवा फोटो हाती लागला, तोही अर्धा. उजेडाच्या पेटीवर ठेवून हरिदासने भिंगातून पाहिलं. बुरशीच्या जाळ्यात, उजव्या कडेला, त्याला ताडपत्रीचा उतार दिसला. धुराचा लोट दिसला. त्याने सरदारजींना दाखवलं. त्यांनी दोनदा पाहिलं आणि हळूच भिंग खाली ठेवलं.

"अंभोरे साब, मुझे तो दाग़ दिखता है," ते म्हणाले.

तिथून तो सरळ हेरंबकडे गेला. हेरंबने उठून खुर्ची दिली, चहा मागवला. हरिदासने सगळं सांगितलं, ब्लेडसकट. हेरंब ऐकत गेला तसतसा त्याचा चेहरा बदलत गेला. त्याने दार लावून घेतलं.

तो वाईट माणूस नव्हता. त्याने समजावून सांगितलं. हिरनकोटच्या पश्चिमेला एका बड्या बिल्डरने अर्धी टेकडी सपाट करून लग्नाचे हॉल बांधले होते. खातं त्याच्याविरुद्ध सात वर्षं लढत होतं. टेकडी कधी होती आणि कधी गेली, याचा एकमेव पुरावा म्हणजे हरिदासची चित्रं. तारीखवार, एकाच जागेवरून. पुढच्या दोन-तीन महिन्यांत निकाल लागणार होता.

"तुम्ही आज लिहून दिलंत की चार चित्रांत फेरफार आहे, तर तो वकील उद्या विचारेल की बाकीच्या एकतीस चित्रांचं काय," हेरंब म्हणाला. "सर, तुमचं आयुष्यभराचं काम आहे हे. आणि वस्तीलाही याचा फायदा होणार नाही. नेगेटिव्ह नाही तुमच्याकडे."

"पण त्या बाईचं घर तिथे होतं," हरिदास म्हणाला.

"असेल. पण तुम्ही सही केलीय की नव्हतं."

हरिदासने चहा तसाच ठेवला आणि तो उठला.

चार दिवस तो घरातून बाहेर पडला नाही. पार्वतीने काही सुचवलं नाही की अडवलं नाही. पाचव्या दिवशी तिने त्याचा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर टाकला आणि विचारलं की मी पण येऊ का. दोघं मिळून हिरनकोटला गेली. वस्तीचा खटला मैत्रेयी नावाची एक तरुण वकील चालवत होती, नागपूरची. तिलाही तिथेच बोलावून घेतलं होतं. भानुमतीच्या दारात, बाजेवर नाही, उभ्यानेच, हरिदासने मोडक्या हिंदीत सांगितलं की घर फोटोत होतं, मी कापून टाकलं. फक्त तुमचं नाही, अकरा घरं कापली. फोटो छान दिसावा म्हणून.

भानुमती त्याच्याकडे बघत राहिली. आजूबाजूला पाच-सात माणसं जमली होती.

"हमारा चूल्हा आपको गंदा लगता था?" तिने विचारलं.

त्याने मान हलवली. हो म्हणाला.

मग ती म्हणाली की तुम्ही आमचा दोघांचा फोटो काढला असतात तर आज तोच दाखवला असता. नवऱ्याचा एकही फोटो तिच्याकडे नव्हता. एवढं बोलून ती आत गेली. त्या दिवशी चहा झाला नाही.

मैत्रेयीने त्याच आठवड्यात प्रतिज्ञापत्र तयार केलं. सही करण्याआधी तिने त्याला दोनदा बजावलं की यातून काय काय होऊ शकतं. काका, विचार करा, असं ती मराठीत म्हणाली. हरिदासने या वेळी प्रत्येक ओळ वाचली आणि सही केली. बुरशी धरलेली अर्धी फिल्म एका पाकिटात घालून सोबत जोडली.

सुनावणी डिसेंबरच्या मध्यात झाली. हरिदासला उभं केलं गेलं. समोरच्या वकिलाने त्याला फार छळलं नाही, दोनच प्रश्न विचारले. गेल्या वर्षी सही केलीत तेव्हा खोटं बोललात की आज बोलताय? आणि घरं होती याला तुमच्या शब्दाखेरीज आधार काय? दुसऱ्या प्रश्नाला हरिदासने त्या फिल्मकडे बोट दाखवलं. ती उजेडाकडे धरून पाहिली गेली, पुन्हा पाकिटात घातली गेली. आदेशात आलं की सदर व्यक्ती स्वतःच आपल्या चित्रांत फेरफार केल्याचं सांगत असल्याने तिची चित्रं कोणत्याही बाजूने विश्वासार्ह धरता येणार नाहीत. मात्र वस्ती ब्याण्णवपूर्वीची आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी रहिवाशांची होती, आणि ते सिद्ध झालेलं नाही.

म्हणजे चित्रंही गेली आणि घरंही. दहा दिवसांनी बिल्डरच्या वकिलाने हाच आदेश आपल्या खटल्यात पुढे केला. लग्नाच्या हॉलवरची कारवाई थांबली. हेरंबने फोन केला नाही. खात्यातल्या एका जुन्या कारकुनाकडून कळलं की तिथल्या भिंतीवरची त्याची चित्रं उतरवली आहेत.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात वस्ती पाडली. मैत्रेयीने आदल्या दिवशी कळवलं होतं, अपिलासाठी फोटो लागतील म्हणून. हरिदास सकाळी साडेसातला तिथे पोहोचला. धुकं इतकं दाट होतं की जेसीबी दिसायच्या आधी त्यांचा आवाज आला. पोलिसांनी खालची वाट बंद केली होती. बुरुजाचा चौकीदार त्याला वीस वर्षं ओळखत होता. त्याने फाटकाची कडी काढली.

वर चढल्यावर हरिदासला धाप लागली. त्याने ट्रायपॉड उभा केला. पितळी चकती बसवली. बोटं गारठली होती, खाच नीट लागत नव्हती. साडेनऊच्या सुमाराला धुकं थोडं उचललं आणि खालचं सगळं एकदम समोर आलं. लोक घरातलं सामान काढत होते. गाद्या, सिलिंडर, देवाच्या तसबिरी, शिलाई मशीन, कुणाचा कूलर. एक बाई भिंतीत ठोकलेली खुंटी उपटून काढायचा प्रयत्न करत होती. त्याने पहिला फोटो काढला. एक खाच सरकवली. दुसरा काढला. उत्तरेला दिल्ली नव्हतीच, नुसता पांढरा पडदा होता. तरी त्याने तिकडचेही फोटो काढले. वीस फोटो व्हायला पाव तास लागला. तेवढ्या वेळात भानुमतीचं घर पडलं.

घरी येऊन त्याने फोटो कॉम्प्युटरवर चढवले. आता ब्लेड आणि डिंक राहिला नव्हता, जोडायचं काम प्रोग्रॅमच करायचा. चित्र तयार झालं आणि हरिदास खुर्चीत पुढे सरकून बघू लागला. जेसीबी होत्या, अर्धवट पडलेल्या भिंती होत्या, पण माणसं कुठेच नव्हती. दोन फोटोंच्या मध्ये जे हलतं ते चूक समजून प्रोग्रॅम पुसून टाकतो. पळापळ करणारी सगळी माणसं त्याने पुसली होती. हरिदासने ती सोय बंद केली आणि प्रत्येक जोड स्वतः हाताने लावायला बसला. तीन दिवस लागले. भानुमती चालत होती, त्यामुळे ती तीन ठिकाणी आली. एकदा डोक्यावर बोचकं घेऊन, एकदा दाराची फळी ओढत, आणि एकदा ढिगाऱ्याच्या कडेला दगडावर बसलेली. लोकांना वाटेल चूक झाली, असं पार्वती म्हणाली. वाटू दे, तो म्हणाला. त्याने तिघींनाही राहू दिलं.

मैत्रेयीने ते चित्र अपिलाला जोडलं. अपील अजून तारखांवर चाललं आहे.

भानुमती मुलाच्या कुटुंबासोबत गाझियाबाद जिल्ह्यात, लोणीच्या बाजूला एका भाड्याच्या खोलीत राहायला गेली. हरिदास मार्चमध्ये पत्ता मिळवून गेला. पार्वती सोबत होती. गल्लीत नाल्याचं पाणी होतं, विटांवर पाय ठेवत जावं लागलं. सून दारात आली. त्याला पाहून म्हणाली, अम्मा सो रही है. आतून खोकला ऐकू येत होता. सुनेने पार्वतीला आत घेतलं आणि स्वतः दारातच उभी राहिली, म्हणून हरिदास बाहेर गल्लीत थांबला. अर्ध्या तासाने पार्वती बाहेर आली. दोघं परत मेट्रोत बसली.

"काही म्हणाली का?" त्याने विचारलं.

"माझा हात धरून बसली होती. तुमचं नाव निघालं तेव्हा सोडला."

तो पुन्हा गेला नाही. जूनच्या उन्हाळ्यात, ज्या आठवड्यात दिल्लीचा पारा खाली यायलाच तयार नव्हता, त्या आठवड्यात भानुमती पत्र्याच्या त्या खोलीत वारली. मैत्रेयीने फोनवर सांगितलं, तोवर बारा दिवस होऊन गेले होते.

पावसाळ्यात हरिदासने पलंगाखालचे ते चार पुठ्ठे बाहेर काढले. मैत्रेयीकडून त्याने अकरा कुटुंबांची नावं मागवून घेतली होती. प्रत्येक पुठ्ठ्याच्या मागे त्याने काळ्या शाईने लिहिलं की या चित्रात आठव्या आणि नवव्या फोटोच्या मध्ये अकरा घरं होती, ती मी वगळली, आणि खाली अकरा नावं लिहिली. पहिलं भानुमतीचं, तिच्या नवऱ्यासह. मग चारही पुठ्ठे कापडात गुंडाळून त्याने खात्याच्या दप्तरासाठी रजिस्टर पोस्टाने पाठवले. तीन आठवड्यांनी ते पार्सल परत आलं. हेरंबची बदली झाली होती, आणि या चित्रांची नोंद दप्तरातून काढून टाकलेली असल्याने ती स्वीकारता येत नाहीत, असा छापील शेरा त्यावर होता. पार्वतीने दारात सही करून पार्सल घेतलं. हरिदास आतल्या खोलीत होता. कोण आलं होतं, त्याने विचारलं. पोस्टमन, ती म्हणाली. तो बाहेर आला, पार्सलकडे पाहिलं, आणि त्याची एक बाजू तिने व दुसरी त्याने धरून दोघांनी ते पलंगाखाली सरकवलं.

त्या वर्षी दसऱ्यानंतरच्या रविवारी तो सकाळी उठला, अंघोळ केली, आणि पेपर वाचत बसला.